क्रेनवाल्या मावशी

मावशी जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर बसून डबा खायच्या. जिना साधासुधा नव्हता. झाशीच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला लागले तिथे ट्रान्सफॉर्मर तयार होत. तिथल्या सगळ्यात मोठ्या शेडमध्ये छताजवळ एक अजस्र क्रेन रुळांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची. ती चालवणाऱ्याची काचेची केबिन चांगली चार मजले उंचावर होती. तिथे पोचायला भिंतीलगत लोखंडी जाळीच्या पायऱ्यांचा उभा जिना होता आणि पाय ठेवला की जाळीतून थेट खालची फरशी दिसे. त्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर एक बाई मांडीवर डबा घेऊन, एका हाताने कठडा घट्ट धरून, दुसऱ्या हाताने पोळीभाजी खाताना मला पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा मला वाटलं, खाली बसायला जागा मिळाली नसेल.

पंधरा-वीस दिवसांनी पाहिलं तर त्या नवव्या पायरीवर होत्या.

मला राहवेना. हात धुवायला नळावर आल्या तेव्हा मी हिंदीत विचारलं, तर त्यांनी मराठीत उत्तर दिलं. "मला उंचीची फार दहशत आहे हो मॅडम. घरच्या गच्चीवरसुद्धा जात नाही मी. पण जेवताना माणूस जरा कमी घाबरतं, असं माझ्या ध्यानात आलंय. म्हणून तिथं बसून जेवते. एका पायरीची सवय झाली की मग वरची."

"पण चढायचंय कशासाठी?"

"क्रेन चालवायची आहे," मावशी म्हणाल्या, आणि रिकामा डबा पदराने पुसत चहाच्या गाडीकडे निघून गेल्या. कारखान्यात त्यांचं काम चहा द्यायचं होतं.

मी अकोल्याची. तेविसाव्या वर्षी इंजिनिअर होऊन झाशीला आले तेव्हा तिथे मराठी ऐकायला मिळेल असं मनातही नव्हतं. मावशींच्या घराण्याला झाशीत येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. माहेर मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत, आणि लग्नानंतर त्या नगरा नावाच्या वस्तीत राहायला आल्या. त्यांच्या मराठीत हिंदी सरमिसळ असायची, तरी मधेच एखादा असा शब्द यायचा की मला माझी पणजी आठवायची. त्या 'बातमी' म्हणत नसत, 'वर्तमान' म्हणत. "अकोल्याचं काय वर्तमान?" हे दर सोमवारी ठरलेलं. कारखान्याच्या फाटकाच्या आत मी 'मॅडम' आणि 'तुम्ही'. फाटक ओलांडलं की त्याच तोंडाने "काय गं, जेवलीस का?" एकदा मी म्हटलं, आतही 'तू'च म्हणा. त्या म्हणाल्या, "आत तुझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. त्यांच्यासमोर मी तुला 'तू' म्हटलं तर उद्या तेही म्हणतील. राहू दे."

त्यांचे यजमान याच कारखान्यात फिटर होते. हृदयविकाराने अचानक गेले, तेव्हा मावशी एकतीस वर्षांच्या आणि मुलगी मीनू चार वर्षांची. त्यांच्या जागी मावशींना कँटीनमध्ये नोकरी मिळाली. मी गेले तोवर त्यांना चहा देत बारा वर्षं झाली होती. "सगळे म्हणाले, नोकरी मिळाली, आता पोरीकडे पाहून दिवस काढ," त्या सांगायच्या. "काढले. एक दिवस चहा घेऊन शेडमध्ये आले आणि सहज वर पाहिलं. एवढं मोठं धूड, शेकडो क्विंटल वजनाचं, अधांतरी चाललंय आणि वर एक माणूस दोन दांडे हलवतोय. कुठं घाई नाही, गडबड नाही. मी बघतच राहिले. चहा गार झाला म्हणून सगळे ओरडले माझ्यावर. त्या दिवशी घरी गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटलं. काय सांगू तुला, आधी तर हवंसं वाटल्याचीच लाज वाटली."

क्रेन चालवणाऱ्याच्या जागेसाठी दहावी पास असावं लागे. मावशींची शाळा नववीत सुटली होती. त्यांनी मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरला आणि मीनूच्या आदल्या वर्षी त्या दहावी झाल्या. मीनूला तेव्हा याची लाज वाटे. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीतच यायचं. मी घरी गेले की ती माझ्याकडे तक्रार करायची, "दीदी, आप ही समझाइए अम्मा को. सहेलियाँ पूछती हैं, तुम्हारी मम्मी ट्रक चलाएँगी क्या?" मावशी ओट्यापाशी उभ्या राहून भाकरी थापत म्हणायच्या, "ट्रक नाही गं बाई, त्याच्यापेक्षा मोठं!"

क्रेन शिकवणार कोण, हा प्रश्न होता. तीस वर्षं ती चालवणाऱ्या बुजुर्गांना सगळे पंडितजी म्हणत. मावशींनी विचारलं तेव्हा चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "जो काम तुमाओ नइयाँ, मौसी." हे काम तुमचं नाही, एवढंच. आजूबाजूच्या पोरांनी झाशीत कुठल्याही धीट बाईला देतात ती एकुलती एक उपमा दिली आणि हसले. मावशीही हसल्या. म्हणाल्या, "उनके पास तो घोड़ा था भैया, मुझे पैदल चढ़ना है." मग पुन्हा जिन्यावर डबा. अठरावी पायरी, विसावी पायरी. पंडितजींची केबिन अगदी वर होती आणि ते जेवायला खाली उतरत. येता-जाता त्यांना मावशींना ओलांडून जावं लागे. मावशी अंग चोरून वाट देत आणि दर वेळी "राम राम पंडितजी" म्हणत. सात महिन्यांनी एका दुपारी पंडितजी उतरायला निघाले, तर मावशी केबिनच्या दाराबाहेरच्या पट्टीवर बसून लोणचं चाटत होत्या. पंडितजींनी दार उघडंच ठेवलं. मग म्हणाले, "खा लो, फिर अंदर आ जइयो."

आत गेल्यावर मावशींना उलटी झाली. हे त्यांनीच मला सांगितलं. केबिनला खालूनही काच असते, कारण चालवणाऱ्याला सरळ खालचा हूक दिसायला हवा. त्या म्हणाल्या, "जिन्याला निदान जाळी होती. इथं पायाखाली काहीच नाही, असं वाटलं. सगळं बाहेर आलं. मी खालून बादली आणली, फरशी पुसली. पुसता पुसता काचेकडे बघणं भागच होतं. तीनदा पुसली."

पुढचं शिक्षण बादलीवरच झालं. काठोकाठ पाण्याने भरलेली बादली हुकाला टांगायची आणि शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. पाणी सांडता कामा नये. क्रेन एकदम चालवली की भार मागे राहतो, एकदम थांबवली की पुढे जातो, मग घड्याळाच्या लंबकासारखा झोके घेत राहतो. झोका येणार हे आधी ओळखून क्रेन त्याच्यामागे अलगद न्यायची, हे सगळं कसब. पहिले कित्येक दिवस मावशींच्या बादलीखालून जाणारी माणसं छत्री उघडून जाण्याची नक्कल करत. घरी त्यांनी पंख्याच्या हुकाला दोरीने तांब्या टांगला होता. दोरी धरून स्टुलाभोवती फिरायच्या आणि मीनू अभ्यास सोडून हसून लोळायची. तिची लाज बहुधा त्याच दिवसांत कमी झाली. एकदा मी गेले तर दोघी तो तांब्या एकमेकींकडे देत होत्या, आणि मीनूच जास्त हट्टाला पेटली होती.

मावशींचा एक प्रश्न मला फार टोचायचा. मी रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत जायची आणि चालता चालता कुरकुर करायची. मला ट्रान्सफॉर्मरच्या आराखड्याचं काम हवं होतं आणि मला उत्पादनात टाकलं होतं. पुढे शिकायचं होतं, पण वेळ नव्हता. घरी परत जायचं होतं, पण बदली मिळत नव्हती. मावशी सगळं ऐकून घेत आणि विचारत, "ते ठीक. पण तू सध्या काय चढतेयस?" मी एकदा चिडून म्हटलं, "प्रत्येकाला काही ना काही चढायलाच हवं का मावशी?" त्या म्हणाल्या, "नाही, हवंच असं नाही. पण तू रोज खालून वर बघतेस, म्हणून विचारलं." त्या रविवारी मी अकोल्याहून आणलेली, वर्षभर न उघडलेली पुस्तकांची पेटी उघडली.

दीड वर्षाने त्यांची पहिली चाचणी झाली. खडूने आखलेल्या वर्तुळात लोखंडी ठोकळा अलगद टेकवायचा होता. परीक्षक, साहेब, कँटीनची सगळी मंडळी, शेडमधले बघे, असे शंभरेक लोक खाली उभे. ठोकळा उचलला गेला, निम्म्या वाटेवर आला आणि झुलायला लागला. मावशींनी तो थांबवायला दांडा उलटा ओढला, त्याने झोका आणखी वाढला. परीक्षकांनी शिट्टी वाजवून थांबवलं. मावशी खाली आल्या, परीक्षकांना नमस्कार केला आणि सरळ कँटीनमध्ये गेल्या. मी मागोमाग गेले. त्या दूध उकळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाकी काही असो, चारचा चहा चारलाच लागतो."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, तिसऱ्याही. मीनू म्हणाली, एरचला धाकट्या बहिणीकडे गेल्यात. त्या चार-पाच दिवसांत मी जिन्याकडे बघायचं टाळत होते. मला मनातून खात्री होती की संपलं, आता त्या परत डबा घेऊन त्या जिन्यावर बसणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. त्यांचं राहिलं असतं तर माझं राहिलेलंही चालून गेलं असतं.

मावशी परतल्या त्या उन्हाने रापून. एरचला बेतवेवर लांबलचक पूल आहे. त्या सकाळ-संध्याकाळ त्या पुलाच्या मध्यावर जाऊन कठड्याला धरून खाली पाण्याकडे बघत उभ्या राहायच्या. बहीण बिचारी भलत्याच शंकेने मागे मागे यायची. "तिला म्हटलं, अगं, जीव द्यायला नाही आले, विचार करायला आले," मावशी सांगत होत्या. "आणि सापडलं बघ. त्या दिवशी मी भिऊन नापास झाले नाही. मी हुकाकडे बघतच नव्हते, त्या शंभर माणसांकडे बघत होते. कोण हसतंय, कोण काय म्हणतंय. उंचीची भीती गेली आणि ही नवी आली, ते मला कळलंच नाही."

सहा महिन्यांनी त्या पास झाल्या. या वेळी पंडितजींनी बघ्यांना शेडबाहेर काढलं होतं.

आता ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो त्यानंतर वर्षभराने आला. पंडितजी निवृत्त झाले होते. मोठी वजनं दुसरे एक चालक उचलत, मावशींना लहान कामं मिळत. एक मोठा ट्रान्सफॉर्मर गिऱ्हाइकाकडे जायचा होता. त्याचा आतला गाभा, म्हणजे पत्रे आणि तांब्याची वेटोळी मिळून झालेलं घराएवढं धूड, उचलून पोलादी टाकीत उतरवायचं होतं. चारही बाजूंनी जेमतेम चार बोटं जागा. वेटोळं कुठे घासलं तर वर्षभराचं काम वाया. गाभा भट्टीतून वाळून निघालेला, हवेत फार वेळ ठेवला तर ओलावा धरणार, त्यामुळे थांबायची सोय नाही. आणि त्या सकाळी दुसऱ्या चालकाला ताप भरला. साहेबांनी मला विचारलं, "मौसी कर लेंगी? आप लिख के देंगी?" त्या विभागाची जबाबदारी माझी होती. मी कागदावर सही केली.

गाभा उचलला गेला. शेडमध्ये एवढी शांतता की क्रेनच्या चाकांची करकर ऐकू येत होती. खालचा खलाशी, म्हणजे हुकाला भार अडकवणारा कामगार, हातवारे करून दिशा दाखवत होता. मावशींनी ते धूड टाकीवर आणलं आणि थांबवलं. ते जराही हललं नाही. मग उतरू लागलं, वीत वीत. अर्धं आत गेलं आणि वीज गेली.

क्रेनचे ब्रेक विजेशिवाय आपोआप लागतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण डोक्यावर तेवढं वजन अधांतरी असताना पुस्तक आठवत नाही. मी जवळचा खांब धरला. कोणी ओरडलं, कोणी टाकीकडे धावलं. वरून मावशींचा आवाज आला, "कोई पास नहीं जाएगा! सब पीछे!" आणि मग मराठीत, फक्त माझ्यासाठी, "मॅडम, ब्रेक लागलाय. काही होत नाही. फिकर करू नका. तुम्ही जरा बसून घ्या बघू."

मी खरंच बसले, तिथेच एका खोक्यावर. वीज यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ त्या काचेवर, त्या धुडावर नजर लावून, दांड्यांवरचे हात काढून मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मधेच एकदा खलाशाला विचारलं, "भैया, आज घर से क्या सब्ज़ी लाए हो?" "लौकी," तो म्हणाला. दुधीचं नाव ऐकताच "राम राम," मावशी वरून म्हणाल्या, आणि सगळी शेड हसली. वीज आली. गाभा पुन्हा उतरू लागला आणि टाकीच्या तळाशी टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. खलाशाने हात वर केला, तेव्हा कुठे कळलं की टेकलाय.

मावशी खाली आल्या त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या आणि पाणी मागितलं. मी पेला भरून दिला. पाणी पिऊन म्हणाल्या, "इतकं बरं वाटतंय मला, मॅडम. इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं." आणि फाटकाच्या आत असूनही माझा हात धरून मोठमोठ्याने रडायला लागल्या. चाळीस माणसं बघत होती. या वेळी त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही.

पुढल्या वर्षी मी परीक्षा दिली, पुढच्या शिक्षणाला गेले, आणि मग नाशिकला मला हवं होतं तसं आराखड्याचं काम मिळालं. आज ते करताना मी सुखी आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. झाशी सुटली. फोन चालू राहिले. मावशी पुढे मोठी वजनं उचलू लागल्या, मग दोन मुलींना क्रेन शिकवली. मीनू शाळेत शिकवू लागली, तिचं लग्न झालं. हे सगळं वर्तमान मला फोनवर मिळे.

गेल्या हिवाळ्यात मावशी निवृत्त झाल्या तेव्हा मी गेले होते. हार, शाल, भाषणं. जो तो विचारत होता, "अब क्या सीखेंगी मौसी? हवाई जहाज?" मावशी शाल सावरत म्हणाल्या, "कुछ नहीं भैया. अब हो गया." मला वाटलं, विनयाने म्हणतायत. पण संध्याकाळी नगऱ्यातल्या घरी, पलंगावर पाय पसरून बसल्यावर त्या पुन्हा तेच म्हणाल्या. "खरंच झालं गं. जे हवं होतं ते झालं. आता पोटभर झोपायचंय."

तेव्हा मी त्यांना तेरा वर्षं मनात ठेवलेली गोष्ट सांगितली. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी सही केली ती तुमच्यावर भरवसा होता म्हणून नाही. दुसरं कोणी नव्हतं म्हणून. सही करताना मला वाटत होतं की तुमच्या हातून होणार नाही."

"मला ठाऊक होतं," मावशी म्हणाल्या. "वरून तुझा चेहरा दिसत होता."

"मग काही बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं? तुला भीती वाटत होती, तरी तू सही केलीस. मलाही वाटत होती, तरी मी वर गेले. दोघींनी आपापलं काम केलं. त्यात वाईट वाटून घ्यायचं काय आहे?" आणि त्यांनी माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. "वेडी कुठली. तेरा वर्षं हे घेऊन फिरतेयस?"

दुसऱ्या दिवशी माझी गाडी सकाळी दहाची होती. मला सोडायला स्टेशनवर येणार, हे मावशींनी रात्री तीनदा बजावलं होतं. एकोणतीस वर्षं ही बाई पहाटे पाचला उठत आली. आठ वाजले, साडेआठ झाले, तरी आतल्या खोलीतून घोरण्याचा संथ आवाज येत होता. मीनू चहाचा कप घेऊन दाराशी गेली आणि त्यांना हाक मारणार, तोच मी तिचा हात धरला. आम्ही दोघी दारात उभ्या राहून जरा वेळ बघत राहिलो. एक हात उशाखाली, तोंड किंचित उघडं, डोक्यावरून शाल. मग मी बॅग उचलली आणि चपला हातात घेऊन जिना उतरले. पायात घातल्या त्या रस्त्यावर आल्यावरच.